खरपूस: इंग्लिश ब्राउन एलच्या चवीबद्दल

न्यूकॅसल अपॉन टाइन या शहरात मी चौदा महिने राहिलो. कारण नेहमीचंच: क्लायंट, प्रोजेक्ट, व्हिसा. बसायची जागा हेलिक्स नावाच्या परिसरात होती. काचेच्या इमारती, न्यूकॅसल विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग, स्टार्टअप, महागडी कॉफी. हिंजवडीतून ट्रॅफिक वजा केला तर जे उरेल, साधारण तसं. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुटीत एक सहकारी सहज म्हणाला, "आपण बसलोय ना, तिथे पूर्वी टाइन ब्रुअरी होती. न्यूकॅसल ब्राउन एल इथे बनायची." मी विचारलं, आता कुठे बनते? त्याने खांदे उडवले. "इथे नाही."

त्या संध्याकाळी सुपरमार्केटमधून एक बाटली आणली. पारदर्शक काच, ५५० मिलिलिटर, लेबलवर निळा तारा. फ्रिजमध्ये ठेवली, गार झाल्यावर बाटलीनेच तोंडाला लावली. गोडसर, पातळ, काहीशी पाणचट. अनटॅप्ड नावाचं एक ॲप आहे. प्यायलेल्या बिअरची नोंद करायची आणि तारे द्यायचे. त्यावर तीन तारे दिले आणि विषय संपवला.

ते तीन तारे चुकले होते. पूर्ण नाही, पण बरेच. कुठे चुकले आणि कुठे बरोबर होते, हे शोधण्यात माझे पुढचे काही महिने गेले. हा लेख त्या शोधाचा.

त्याआधी एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं सगळं थोडं खोटं वाटेल. माझं आजोळ कोल्हापूर जिल्ह्यात. आमच्या घरात 'दारू' हा एकच शब्द आहे. देशी, व्हिस्की, वाइन, बिअर, सगळं त्यात येतं. माझा धाकटा मामा सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. त्यामुळे हा शब्द आमच्याकडे फारसा उच्चारलाही जात नाही, आईसमोर तर नाहीच. त्या घरातला मुलगा 'बिअरचा आस्वाद' असा शब्दप्रयोग करतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा: चव घेणं म्हणजे पिण्याला दिलेलं सभ्य नाव तर नाही ना? ग्लास तिरका करून रंग बघणं, वास घेणं, 'हेझलनट' वगैरे पुटपुटणं, हे सगळं झाकण तर नाही? माझ्यापुरतं उत्तर मला ब्राउन एलमध्ये सापडलं. ते दुसऱ्या कुठल्या बिअरमध्ये इतक्या स्पष्ट मिळालं असतं असं वाटत नाही. त्याकडे येतोच.

आधी ताऱ्यांकडे. बिअरच्या कुठल्याही रेटिंग साइटची वरची यादी उघडून बघा. इम्पीरियल स्टाउट आणि डबल आयपीए यांची गर्दी दिसेल. व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या, अल्कोहोल दहा टक्क्यांच्या पुढे, नाहीतर हॉप्सचा असा मारा की जिभेवर आंब्याची बाग उगवावी. इंग्लिश ब्राउन एल या यादीत खूप खाली, मधल्या गाळात असते. ती वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. तिच्याबद्दल कुणी काही म्हणतच नाही.

कोड लिहिणाऱ्या माणसाला यात एक ओळखीची चूक दिसते. आपण जे मोजतो तेच सुधारत जातं. ही ॲप्स मोजतात पहिल्या दोन घोटांचा परिणाम. बिअर फेस्टिव्हलमध्ये लोक छोट्या ग्लासात वीस बिअर चाखतात, प्रत्येकीला अर्धा मिनिट देतात. त्यात जी सगळ्यात मोठ्याने ओरडते ती जिंकते. ब्राउन एल मात्र तासाभरात एक, फार तर दोन ग्लास, गप्पा मारत प्यायची बिअर आहे. तिची परीक्षा शेवटच्या घोटाला होते: पहिल्या घोटाइतकाच तो हवासा वाटतो का? हा बेंचमार्क कुठल्याच ॲपमध्ये नाही. दहा सेकंदांच्या रीलने गायकाची मैफल जोखावी तसं हे आहे.

आता ही बिअर ब्राउन कशाने होते ते बघू. आमच्या लहानपणी घरी नाचणीचं सत्त्व करायचे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजायची, दळायची. तुमच्याही घरी होत असेल. माल्ट म्हणजे हेच, फक्त नाचणीऐवजी बार्ली म्हणजे जव. मोड आले की दाण्यात एन्झाइम तयार होतात. पुढे गरम पाण्यात ते पिठूळपणाची साखर करतात, आणि ती साखर यीस्ट खातं. मोड आल्यावर दाणा किती आणि कसा भाजायचा, यावर बिअरचा रंग आणि निम्मी चव ठरते.

जुन्या काळी इंग्लंडात माल्ट लाकडाच्या जाळावर सुकवत, तो आपोआप तपकिरी व्हायचा आणि बिअरही. मग कोकवर सुकवलेला फिकट माल्ट आला. अठराव्या शतकात हायड्रोमीटर आला आणि ब्रुअरांना आकड्यांत दिसलं की तेवढ्याच धान्यातून फिकट माल्ट जास्त साखर देतो. तपकिरी माल्ट महागात पडतो हे कळल्यावर तो मागे पडला. एका मोजमापाच्या साधनाने एक चव जवळजवळ बाजारातून उठवली. (रेटिंग ॲपबद्दल माझी तक्रार नवी नाही, एवढंच म्हणतो.) १८१७ साली डॅनिएल व्हीलर नावाच्या माणसाने कॉफीसारखा माल्ट फिरत्या पिंपात भाजायचं पेटंट घेतलं. तेव्हापासून गणित असं झालं: बहुतेक माल्ट फिकट, आणि रंग-चवीपुरता थोडाच खूप भाजलेला.

ब्राउन एलमधला खरा कलाकार आहे क्रिस्टल माल्ट. मोड आलेले ओले दाणे न वाळवताच बंद पिंपात साधारण पासष्ट अंशांवर ठेवतात. दाण्याच्या आतच पिठाची साखर होते. मग आच वाढवतात आणि ती साखर सालीच्या आत पाक होऊन घट्ट होते. प्रत्येक दाणा म्हणजे एक बारीकशी गुऱ्हाळाची कढई. ही साखर यीस्टला पूर्ण खाता येत नाही, म्हणून बिअरमध्ये उरते: टॉफीचा गोडवा, मनुक्याची छटा, जिभेवर थोडं वजन. जोडीला चिमूटभर चॉकलेट माल्ट. त्यात चॉकलेट नसतं, रंगावरून नाव आहे. 'नट ब्राउन' मध्येही कुठलाच नट नसतो.

इथे माझी भाषेची अडचण सुरू झाली. इंग्रजीतल्या टेस्टिंग नोट्स वाचून मी ब्राउन एल प्यायला बसायचो: टॉफी, बिस्किट, हेझलनट, वॉलनट, ट्रीकल, फिग. यातल्या अर्ध्या वस्तू माझ्या लहानपणात नव्हत्या. हेझलनट मी पहिल्यांदा खाल्लं ते चॉकलेटच्या आवरणातून. दुसऱ्याच्या आठवणी पाठ करून आपल्या जिभेवर शोधायच्या, असला प्रकार. एकदा कंटाळून नोटपॅडवर मराठीत लिहायला घेतलं आणि पहिला शब्द आला 'खरपूस'. मग 'खमंग'. मग 'खाली लागलेल्या काकवीसारखं, पण जळकट नाही'. शेंगदाणे भाजल्यावर साल चोळून काढतो, ती साल चुकून तोंडात गेली की जी किंचित तुरटी येते, ती शेवटी होती.

हे लिहून झाल्यावर मला एक फरक दिसला. टॉफी, हेझलनट ही वस्तूंची नावं आहेत. खरपूस हे वस्तूचं नाव नाही. ते भाजण्याच्या एका टप्प्याचं नाव आहे. रवा गुलाबीसर, बेसन खमंग, थालीपीठ खरपूस, आणि लक्ष चुकलं की करपट. आपल्या स्वयंपाकघरात आच आणि वेळ यांची एक अख्खी मोजपट्टी शब्दांत आहे. ब्राउन एल तर सगळीच्या सगळी याच पट्टीवरची बिअर आहे. हॉप्स तिच्यात मागे उभे असतात, फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्ज, मातकट आणि सौम्य, गोडवा आवरण्यापुरते. यीस्ट थोडा फळांचा वास देतं. बाकी सगळा खेळ भाजण्याचा. स्टाउट त्या पट्टीवर करपण्याच्या सीमेवर जाऊन उभी राहते आणि टाळ्या घेते. पेल एल गुलाबीसरला थांबते. मधल्या खरपूसपाशी नेमकं थांबायचं काम ब्राउन एलचं. कुठलीही गृहिणी सांगेल, थांबणं तिथेच सगळ्यात अवघड असतं.

पिण्याची पद्धत फारशी गूढ नाही. मी पहिल्यांदा जे जे केलं ते करायचं नाही. फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा, तळघराच्या तापमानाला, बारा अंशांच्या आसपास. चार अंशांवर जीभ बधिर होते आणि माल्टचा वास वरच येत नाही. उरतो तो फक्त गोडवा. ग्लासात ओता, कारण वास बाटलीच्या तोंडातून नाकापर्यंत पोचत नाही. न्यूकॅसलमध्ये याची आपली एक रीत आहे. बाटली मोठी आणि ग्लास छोटा, अर्ध्या पाइंटच्या जवळपासचा. थोडी थोडी ओतून घ्यायची, म्हणजे ग्लासातली नेहमी ताजी, फेसाळ राहते. एका म्हाताऱ्या गृहस्थांना पबमध्ये असं पिताना पाहिलं तेव्हा आधी वाटलं की हे जपून पितात. हळूहळू कळलं, त्यांचं तंत्र माझ्यापेक्षा बरं होतं.

पारदर्शक बाटलीची एक गोम आहे. उजेड पडला की हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. इंग्रजीत या वासाला स्कंक म्हणतात, कारण त्या प्राण्याच्या दुर्गंधीशी त्याचं जवळचं नातं आहे. मी स्कंक पाहिलेला नाही. मला तो वास जळक्या रबरासारखा आणि शिळ्या कॉफीसारखा वाटला. तपकिरी काच हे बऱ्यापैकी थांबवते, पारदर्शक काच अजिबात नाही. दुकानात ट्यूबलाइटखाली पुढच्या रांगेत उभी असलेली बाटली उचलू नका, मागची किंवा खोक्यातली घ्या. ज्या बिअरचा रंग हाच तिचा दागिना, ती पारदर्शक बाटलीत विकायचा मोह समजतो. पण त्या मोहाची किंमत चवीने मोजली जाते.

असं सगळं सांभाळून न्यूकॅसल ब्राउन एल पुन्हा प्यायलो. तांबूस तपकिरी, उजेडासमोर धरली की माणकासारखी. वास सौम्य: काकवी, थोडंसं पिकलं केळं. पहिला घोट गोड, मग बिस्किटासारखा कोरडेपणा, आणि मग... संपली. हा माझा तिच्यावरचा आक्षेप आजही कायम आहे. सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट नाही. पण मी दिलेले 'पाणचट' हे विशेषण मागे घेतो. ती हलकी आहे, आणि दुसरा ग्लास पहिल्याइतकाच बरा लागतो. चौथा ताराही मग देऊन टाकावासा वाटतो, पण मध्ये तिचा इतिहास येतो.

ती १९२७ साली बाजारात आली. न्यूकॅसल ब्रुअरीजमधल्या जिम पोर्टर नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने सुमारे तीन वर्षं खपून ती तयार केली. पुढच्याच वर्षी लंडनच्या स्पर्धेत बक्षिसं मिळाली. निळ्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे ज्या पाच स्थानिक ब्रुअऱ्या एकत्र येऊन कंपनी झाली त्या. जहाजबांधणी आणि कोळशाच्या या शहराने तिला आपलं मानलं, 'डॉग' असं टोपणनाव दिलं: घरी सांगायला बहाणा, 'जरा कुत्र्याचं बघून येतो'. नव्वदीच्या दशकात न्यूकॅसल युनायटेडच्या जर्सीवर ती होती.

२००० साली तिला युरोपीय संघाचं संरक्षित भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे न्यूकॅसलमध्ये बनली तरच ती न्यूकॅसल ब्राउन एल. मग २००५ मध्ये कंपनीने टाइन ब्रुअरी बंद करून उत्पादन नदीपलीकडे गेट्सहेडला नेलं. नदीपलीकडे म्हणजे पूल ओलांडून. पण गेट्सहेड म्हणजे न्यूकॅसल नव्हे. तेव्हा कंपनीला स्वतःच मिळवलेलं मानांकन रद्द करून घ्यायची विनंती करावी लागली, आणि ते रद्द झालं. २००८ मध्ये हाइनेकेनने कंपनीचा हा भाग घेतला. २०१० मध्ये गेट्सहेडचा कारखानाही बंद करून उत्पादन यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरला नेलं. पुढे निर्यातीची काही बाटलीबंदी नेदरलंड्समध्ये गेली. अमेरिकेत तर याच नावाने लागुनितास ही कॅलिफोर्नियाची ब्रुअरी वेगळ्याच कृतीची बिअर करते.

इंजिनिअर म्हणून माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती की कृती तीच असेल तर काय फरक पडतो? सर्व्हर कुठेही असो, आउटपुट तेच. पाण्यातले क्षार हवे तसे करून घेता येतात, यीस्ट नेता येतं. आंधळ्या चाचणीत गेट्सहेडची आणि न्यूकॅसलची बिअर मला वेगळी ओळखता आली असती, असा दावा मी करणार नाही. पण मग मला आमचा गूळ आठवला. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो तेव्हा आजोळचे लोक चिडतात, आणि मला त्यांचं चिडणं कधीच वेडेपणाचं वाटलं नाही. माझं सर्व्हरचं तत्त्वज्ञान गुऱ्हाळाच्या दारापर्यंतच टिकतं तर.

खरी गोष्ट बहुधा अशी आहे. जागा सुटल्याने चव एका रात्रीत बदलत नाही. पण जागा सुटली की चव बदलायला कुणाची हरकत उरत नाही. मुळात ही बिअर दोन बिअर मिसळून व्हायची, एक जास्त कडक आणि एक हलकी, न्यूकॅसल अँबर नावाची. रंगासाठी कॅरॅमल घालत. अमेरिकेतल्या ग्राहकांनी घटकांबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर कॅरॅमल काढून भाजलेला माल्ट वापरायचं ठरलं. हा बदल चांगलाच म्हणायचा, माझ्या मोजपट्टीवर तर नक्कीच. पण तो न्यूकॅसलच्या पबमधून आलेल्या तक्रारीमुळे झाला नाही. इंटरफेस तोच, आतलं इम्प्लिमेंटेशन बदलत राहतं, आणि ज्यांच्या नावाने ते चालतं त्यांना रिलीज नोटही मिळत नाही.

न्यूकॅसलहून मेट्रोने संडरलँडला गेलात तर डबल मॅक्झिम मिळेल. न्यूकॅसलवाल्यांसमोर हे बोलू नका, पण ही जास्त चांगली आहे. व्हॉक्स ब्रुअरीच्या घरातला अर्नेस्ट व्हॉक्स बोअर युद्धात मॅक्झिम तोफांची तुकडी घेऊन गेला होता. तो परतला तेव्हा १९०१ मध्ये ही बिअर काढली. मशीनगनचं नाव असलेल्या बिअरबद्दल, तेही त्या युद्धातल्या, मला प्रेम वाटत नाही. साम्राज्याची अशी कितीतरी स्मारकं त्या देशात लोक रोज पितात आणि खातात. व्हॉक्स १९९९ मध्ये बंद झाली, पण काही लोकांनी नाव आणि कृती विकत घेऊन बिअर जिवंत ठेवली. अल्कोहोल न्यूकॅसलइतकंच, ४.७ टक्के, पण चव भरीव. टॉफीनंतर कडवटपणा ठामपणे येतो आणि तोंड स्वच्छ करून जातो. न्यूकॅसलला जो शेवट नाही तो हिला आहे.

ब्राउन एलबद्दल कुठेही वाचायला गेलात की उत्तर-दक्षिण विभागणी भेटते: उत्तर इंग्लंडची कोरडी, कडक, फिकट, दक्षिणेची गडद, गोड, हलकी. बिअर परीक्षकांसाठी बीजेसीपी नावाची अमेरिकी संस्था नियमावली काढते. तिच्या २००८ च्या आवृत्तीत असे दोन अधिकृत प्रकार होते. माझ्यासारख्याला हे फार आवडतं: दोन फोल्डर, प्रत्येक बाटली कुठल्या तरी एकात. गंमत म्हणजे रॉन पॅटिन्सन आणि मार्टिन कॉर्नेल या बिअरच्या इतिहासकारांनी ब्रुअऱ्यांची जुनी दप्तरं उघडली तेव्हा हे फोल्डर रिकामे होऊ लागले. गोड-हलक्या ब्राउन एल उत्तरेतही होत्या, कडक दक्षिणेतही. दोन-तीन प्रसिद्ध बाटल्यांवरून एक भूगोल तयार झाला होता. २०१५ च्या नियमावलीत बीजेसीपीने उत्तर-दक्षिण सोडलं. एक 'ब्रिटिश ब्राउन एल' ठेवली आणि गोड प्रकार 'लंडन ब्राउन एल' म्हणून ऐतिहासिक यादीत टाकला. ऐतिहासिक म्हणजे काय, तर जवळजवळ मेलेली.

त्या जवळजवळ मेलेल्या प्रकारातली बाटली म्हणजे मॅन्स ब्राउन एल. लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या मॅन, क्रॉसमन अँड पॉलिन यांनी ती १९०२ मध्ये काढली आणि 'लंडनमधली सगळ्यात गोड बिअर' म्हणून तिची जाहिरात केली. तोपर्यंत 'ब्राउन एल' हे नाव जवळपास विसरलं गेलं होतं. आजच्या अर्थाने या प्रकाराची सुरुवात हीच. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बाटलीतल्या ब्राउन एलचा मोठा खप होता, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. पबमधल्या पिंपातली माइल्ड बिअर कधी शिळी, कधी बसकी निघायची. लोक अर्धा ग्लास माइल्ड घ्यायचे आणि वर बाटलीतली ताजी, फेसाळ ब्राउन ओतायचे. 'ब्राउन अँड माइल्ड'. खराब प्रॉडक्शनवर ग्राहकाने स्वतःच मारलेला पॅच.

मॅन्समध्ये अल्कोहोल २.८ टक्के आहे. ती समोर आली तेव्हा मला मामाचा प्रश्न सरळ चाचणीच्या रूपात दिसला. मी चवीसाठी पितो असं म्हणतो. ठीक आहे. मग ज्या बिअरमधून अल्कोहोल जवळजवळ काढून घेतलं आहे ती मला पुरली पाहिजे. नाही पुरली, तर मी स्वतःशी खोटं बोलतोय.

शुक्रवारच्या रात्री, एकट्याने, ग्लासात ओतून बसलो. गडद, कोकमच्या सालीसारखा रंग. वास मनुक्यांचा आणि थोडा कोकोचा. चव गोड, काकवीची, मागे अगदी पुसट भाजलेपणा. अर्ध्या ग्लासापर्यंत मला ती न्यूकॅसलपेक्षा आवडली. त्यात जास्त घडत होतं. अर्ध्यानंतर गोडवा जड झाला. उरलेली मी संपवली नाही. नंतर कपाटातली दुसरी, जास्त कडक बाटली उघडावी असं वाटलं का? वाटलं. हे लिहिणं भाग आहे. उघडली नाही, पण वाटलं. म्हणजे चाचणीचा निकाल पूर्ण हिरवा नाही. चव ही वेगळी गोष्ट आहे, ती अल्कोहोलशिवायही उभी राहते, हे मला मॅन्सने दाखवलं. आणि मी पूर्णपणे फक्त चवीसाठी पितो हे खरं नाही, तेही तिनेच दाखवलं. दहा टक्क्यांची स्टाउट असती तर या दोन गोष्टी मला वेगळ्या करताच आल्या नसत्या. त्या बिअरना मिळणाऱ्या ताऱ्यांतले किती तारे चवीचे आणि किती चढण्याचे, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

मामाने कधी चव घेतली असेल का, हा विचार त्या रात्री आला. गुऱ्हाळावर काकवीचा थेंब पाण्यात टाकून, बोटांनी चोळून, पाक झाला की नाही हे तो अचूक सांगायचा. जीभ आणि बोटं दोन्ही त्याच्याकडे होती. पितानाचा त्याचा चेहरा मात्र औषध घेतल्यासारखा असायचा.

परत यायच्या आधीच्या महिन्यात टॅडकास्टरला गेलो. लीड्सहून बस. गाव छोटं, पण ब्रुअऱ्यांच्या धुराड्यांनी भरलेलं. इथे जॉन स्मिथची मोठी ब्रुअरी आहे, जिथे न्यूकॅसल ब्राउनचं बिऱ्हाड गेलं, आणि शेजारीच सॅम्युअल स्मिथची जुनी, १७५८ पासूनची. दोन्ही घराणी मुळात एकच. सॅम्युअल स्मिथ आजही स्वतःच्या विहिरीचं पाणी आणि दगडी पाट्यांच्या चौकोनी टाक्या वापरते. कुठली कंपनी कुणी घेतली याच्या बातम्या शेजारच्या फाटकाशी थांबतात. ही अजून घरचीच आहे.

त्यांच्या पबचे नियम चमत्कारिक आहेत. संगीत नाही, टीव्ही नाही, शिव्या नाहीत, आणि २०१९ पासून मोबाइलही नाही. मालकाचा हट्ट म्हणून वर्तमानपत्रांत याची पुष्कळ टिंगल झाली. मलाही तो हट्ट थोडा हुकूमशाहीच वाटतो. गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे आणि वर शिस्तही पाळायची. पण त्याचा एक परिणाम झाला. अनटॅप्ड उघडता येईना.

नट ब्राउन एल, ५ टक्के. बाटली आणि ग्लास टेबलावर. फोटो नाही, तारे नाहीत, दुसऱ्याने काय लिहिलंय ते बघायची सोय नाही. रंग जुन्या सागवानी दरवाजाचा. वास यायला थोडा वेळ लागला, मग आला: भाजणी दळून आणल्यावर गिरणीच्या डब्यातून येतो तो. पहिला घोट गोडसर, पण गोडवा तिथे थांबत नाही, कोरडा होत जातो. शेंगदाण्याच्या सालीची ती तुरटी, मग हॉप्सचा मातकट कडवटपणा, आणि गिळल्यावर बराच वेळ मागे रेंगाळणारा खरपूस वास. न्यूकॅसलला जिथे शेवट नव्हता तिथे हिला सगळ्यात लांब शेवट होता. प्रत्येक घोटाबरोबर ग्लास थोडा गरम होत गेला आणि ती उलगडत गेली. दोष काढायचाच तर यीस्टमुळे मधूनच एक लोणकढ्या तुपासारखा बुळबुळीतपणा येतो. काहींना तो आवडतो, मला नाही.

शेजारच्या टेबलावर दोन आजोबा होते. एकाने विचारलं कुठला. इंडिया म्हटल्यावर पुढचा प्रश्न क्रिकेटचा, अर्थातच. मग म्हणाले, ब्राउन एल पिणारा तुझ्या वयाचा माणूस बरेच दिवसांनी बघितला, आता हे म्हाताऱ्यांचं पेय झालंय. मी म्हटलं, मी नोंदी करतोय. "कशाच्या?" मला त्यांना खरपूस या शब्दाचं इंग्रजी सांगायचं होतं. टोस्टेड म्हटलं. रोस्टेड म्हटलं. दोन्ही चुकीचे. शेवटी सांगितलं, जळायच्या एक मिनिट आधी चुलीवरून काढलेलं. ते हसले. म्हणाले, त्याच्या बायकोला हे कधीच जमलं नाही. दुसऱ्या आजोबांना ते पटलं नसावं. बायको त्यांची बहीण होती.

बस पावणेसहाची होती. तळाशी दोन बोटं बिअर उरली होती आणि ती पहिल्या घोटाइतकीच हवीशी वाटत होती. ती प्यायलो. दुसरी बाटली मागवली नाही. बसमध्ये बसल्यावर फोन चालू केला, ॲप उघडलं, तारे द्यायचा चौकोन समोर आला. खाली नोंद लिहायला जागा होती. तिथे एवढंच लिहिलं: भाजणी, शेंगदाण्याची साल, आच बरोबर. ताऱ्यांचा रकाना तसाच ठेवून सेव्ह केलं.